शापाशिवाय शस्त्र

आमचा नातू सुट्टीला भोरला येतो तो लॅपटॉप घेऊन. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून लढायचा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. परवा त्या खेळासाठी चिरंजीवांनी अर्ध्या तासात सात जादूच्या तलवारी पाडल्या. भाता नाही, ऐरण नाही, घाम नाही. पट्टी सरकवली की आग, बटण दाबलं की वीज!

"किंमत काय रे हिची?"

"फुकट!"

इथंच माझं डोकं फिरलं. अहो, कर्णानं कवचकुंडलं कापून दिली तेव्हा कुठं इंद्राची शक्ती हाती आली. तीही एकदाच चालणारी! घटोत्कचावर खर्ची पडली आणि अर्जुन वाचला. म्हणून तर गोष्ट झाली. वेल्ह्याहून तोरणा चढताना साधी काठीसुद्धा गुडघ्यांकडून भाडं घेते. फुकटचं शस्त्र जिंकून देईल. पण जिंकल्यावर सांगायचं काय?

नातू गप्प. दहा मिनिटांनी त्यानं नवं शस्त्र दाखवलं : 'आजोबांची काठी. राक्षस पळतात. शाप : आधी तासभर उपदेश.'

शाप नेमका कोणाला, ते मी विचारलं नाही.