३२ जीबी लिहिलं म्हणजे झालं का?

थोडं मोठं लिहितोय. पण गावात कुणी डिझाइनच्या कामासाठी कॉम्प्युटर घेत असेल, त्यासाठी कर्जाची फाइल करत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

रॅमचे भाव कुठे गेलेत ते दुकानात विचारून आलेल्यांना सांगायला नको. जगात रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजून तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत पैसा जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले. २ डिसेंबर २०२५ ला आपल्याकडे नगरपरिषदांचं मतदान झालं. दुसऱ्याच दिवशी मायक्रॉनने जाहीर केलं की 'क्रुशल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करणार. म्हणजे आपली फ्लेक्सवाली पोरं ज्या महिन्यात रात्र-रात्र जागत होती, त्याच महिन्यात त्यांच्या मशीनचा सर्वात गरजेचा पार्ट हाताबाहेर चालला होता.

आता माझा मुद्दा. भाव आपल्या हातात नाही. पण त्या भावात आपण काय घेतो, हे तर आहे? आणि तिथेच आपण आंधळे आहोत.

मुद्राचं 'किशोर' कर्ज ५० हजार ते ५ लाखांचं. डिझाइनचं वर्कस्टेशन त्यातच बसतं. बँक कोटेशन मागते. मी अशी बरीच कोटेशनं पाहिलीत. प्रोसेसरचं नाव पूर्ण, ग्राफिक्स कार्डाचं नाव पूर्ण, कॅबिनेटच्या लाइटचा रंगसुद्धा लिहिलेला. आणि रॅमपुढे? '३२ जीबी'. बस्स. सरकारी खरेदीतही तेच. शाळा, आयटीआय, नगरपरिषदेचा नगररचना विभाग, सगळीकडे 'रॅम १६ जीबी' एवढीच ओळ. ठेकेदार त्यात बसेल ते स्वस्तातलं देतो, आणि कागदावर तो चुकत नाही.

मग नेमकं काय लिहून घ्यायचं?

पहिलं, गरज किती ते मोजा. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला केला, तर पूर्ण भरलेला एकच लेअर सीएमवायकेमध्ये सुमारे ६०० एमबी होतो. नेत्याचा फोटो, मागचं चित्र, शुभेच्छुकांची रांग असे आठ लेअर धरले तर पावणेपाच जीबी. त्यावर 'अंडू'चा इतिहास, विंडोज, उघडं राहिलेलं कोरल आणि ब्राउझर. १६ जीबी कुठे जाते ते कळलं? फ्लेक्स-पत्रिकेला ३२, व्हिडिओ एडिटिंग आणि आर्किटेक्टच्या थ्रीडी कामाला ६४ धरा.

दुसरं, जोडी घ्या. आपल्याकडच्या नेहमीच्या मदरबोर्डवर मेमरीचे दोन रस्ते असतात. एकच पट्टी लावली की एक रस्ता बंद. डीडीआर५ ४८०० ची एक पट्टी सेकंदाला ३८.४ जीबी नेऊ शकते, दोन पट्ट्या ७६.८. प्रत्येक काम दुप्पट वेगाने होईल असं नाही. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर फरक डोळ्यांना दिसतो. ३२ हवी तर १६ च्या दोन, आणि त्या एकाच पाकिटातल्या. 'किट' म्हणतात ते हेच: कंपनीने एकत्र तपासून दिलेली जोडी. एक पट्टी आज, दुसरी दिवाळीला, वेगळ्या कंपनीची, असं केलं तर चालेलही. पण न चालल्यास जबाबदार कुणीच नाही.

तिसरं, 'नंतर दोन वाढवू' हा हिशोब डीडीआर५ ला फसतो. रायझन ९००० मालिकेला एएमडीने अधिकृत वेग दिलाय तो दोन पट्ट्यांना ५६००, चार पट्ट्यांना ३६००. रॅम वाढली, वेग घटला. त्यामुळे पुढे ६४ लागणार हे पक्कं असेल तर ३२ च्या दोन आत्ताच घ्या. झेपत नसेल तर २४ च्या दोन, म्हणजे ४८, हा मधला मार्ग आहे.

चौथं, वेगाच्या आकड्यामागे धावू नका, पण दोन आकडे एकत्र वाचा. पाकिटावर ६००० च्या शेजारी 'सीएल' लिहिलेलं असतं. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. ६००० सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल ४० म्हणजे १३.३. भाव सारखा असेल तर कमीवाली. फरक मोठा असेल तर ते पैसे जीबीत घाला. लाइटवाली रॅम तर विसराच.

पाचवं, ६००० ची किट आपोआप ६००० वर चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करावं लागतं. ते दुकानातच करून घ्या, आणि मेमटेस्ट लावून एक फेरी बिनचूक झालेली बघूनच मशीन उचला. बिल पक्कं घ्या. वॉरंटी मागायची वेळ आली की तोच कागद लागतो.

दुकानदारांना मी खलनायक करत नाही. त्यांना गिऱ्हाईक फक्त दोन गोष्टी विचारतं, किती जीबी आणि कितीला. जो जोडी देतो त्याचं कोटेशन हजार-दोन हजारांनी वर जातं आणि ऑर्डर शेजारी जाते. प्रामाणिकपणाची शिक्षा आपणच देतो.

म्हणून मागणी साधी आहे. रॅमची ओळ पूर्ण लिहा: प्रकार, एकूण जीबी, पट्ट्या किती, वेग आणि सीएल, कंपनी, वॉरंटी. बँकेच्या शाखांनी अशीच कोटेशनं मागावीत. नगरसेवकांनी खरेदीच्या सभेत ही ओळ वाचून दाखवायला लावावी. शाई सोडून यात कुणाचाच खर्च नाही.

आणि आज एक करा. आपल्या ऑफिसच्या, शाळेच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे वेग आणि किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. दोनपैकी एकच भरलेला दिसला, तर खरेदीची फाइल मागा. तो आपला हक्क आहे.