पाचटाचा धूर आणि आपला मेंदू



तोड झाली की आमच्या खात्याची माणसे गटागटांतून एकच सांगत फिरतात, पाचट जाळू नका. आजवर आम्ही हे जमिनीच्या भल्यासाठी सांगत आलो. सभासद ऐकून घेतात, चहा पाजतात आणि अंधार पडला की काडी ओढतात. म्हणून या खेपेला तीच गोष्ट आम्ही माणसाच्या डोक्यासाठी सांगणार आहोत.

'नॅनो' हा शब्द आपल्याला आता नवा नाही. २०२१ पासून नॅनो युरियाच्या बाटल्या शेतात आल्या. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोक्याचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, आणि शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान कणाला नॅनोकण म्हणतात. डोळ्याला तो दिसत नाही आणि तोंडावर बांधलेल्या टॉवेलला जुमानत नाही.

या बारीकपणाचा वैद्यकशास्त्राला मोठा उपयोग आहे. मेंदूतील रक्तवाहिन्यांची भिंत इतकी घट्ट असते की बहुतेक औषधे तिच्या पलीकडे जात नाहीत. नॅनोकणावर औषध चढवून ते आत पोचवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. जर्मनीत मेंदूतील गाठीत लोहाचे असे कण सोडून, बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून ते तापवायचे आणि गाठ मारायची, असा उपचार रुग्णांवर करून पाहिला गेला. फार लांब कशाला, आपल्या कसबा बावड्यातच डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात चुंबकीय नॅनोकण तापवून कर्करोगाच्या पेशी मारण्यावर संशोधन झाले आहे. आम्हाला त्याचा अभिमान वाटतो.

पण जो बारीकपणा औषधाला आत नेतो, तोच काजळीलाही नेतो. औषधाचा कण तपासून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला जातो. धुराच्या कणाला कसले माप नि कसली देखरेख! वास घेणाऱ्या नसा नाकाच्या वरच्या भागातून थेट मेंदूत जातात. त्या वाटेने अतिसूक्ष्म कण वर चढू शकतात. काही फुप्फुसातून रक्तात उतरतात.

२०१६ साली इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा माहेर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी व मँचेस्टर येथील ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूचे नमुने तपासले. त्यांत लोहाचे नॅनोकण सापडले. त्यांतले बरेचसे गोल गुळगुळीत होते, म्हणजे मोठ्या उष्णतेत, ज्वलनात तयार झालेले. या कणांमुळेच विस्मरणाचा रोग होतो असे त्यातून सिद्ध झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हवेचे प्रदूषण हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांत धरले.

यावर एक जुने सभासद आम्हाला म्हणाले, "सायेब, ते शहरातल्या गाड्यांचं झालं. आमच्या बापजाद्यांनी पाचट जाळलं, त्यास्नी काय झालं?" प्रश्न रास्त आहे. तो अभ्यास शहरातला होता, हे खरे. पण पाचटाच्या धुरातही याच मापाचे कण असतात, आणि तो धूर पंचगंगेकाठी थंडीच्या रात्री वर न जाता जमिनीलगत, घरांवर बसतो. पेटवणारा दहा मिनिटांत घरी जातो. शेजारच्या खोपीत ऊसतोड मजुरांची लेकरे मात्र रात्रभर तो धूर ओढत झोपतात. पूर्ण पुरावा येईपर्यंत त्यांनी का थांबावे, एवढेच आमचे विचारणे आहे.

नॅनो युरियाबद्दलही सभासद विचारतात. त्याने मेंदूला अपाय होतो असा आमचा दावा नाही. पण फवारणी कसलीही असो, वाऱ्याच्या दिशेला पाठ करावी आणि एन-९५ मास्क लावावा.

आता पाचटाचे काय करायचे? एकरी तीन-चार टन पाचट निघते. बुडख्यांवरचे पाचट बाजूला सारून सरीत दाबावे, बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. उंदीर होतात, पाणी तुंबते, या तक्रारी आम्हाला ठाऊक आहेत. कुट्टी करून घेतल्यास त्या बऱ्याच कमी होतात. मात्र कुट्टीचे यंत्र तोडीनंतर आठ दिवसांत फडात पोचले पाहिजे, नाहीतर माणूस काडीच ओढणार. ती जबाबदारी आमच्या खात्याची आहे. त्यात आम्ही कमी पडलो तर सभासदांनी गट ऑफिसात येऊन खुशाल जाब विचारावा.

पण काडी ओढू नये, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी