काजू आमचा, करार कोणाचा?

तळेऱ्याच्या नाक्यावर काजूबी विकणाऱ्या बागायतदाराचा भाव कोण ठरवितो? शेती हा राज्यसूचीतील विषय. पण आयातशुल्क व परराष्ट्रांशी करार केंद्राच्या हाती, आणि अनुच्छेद 253 अन्वये करारापायी संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते. अल्पविकसित देशांना शुल्कसवलत देणारी योजना 2008 साली जाहीर झाली, तिच्यात काजू होता. 2018 साली कच्च्या काजूवरील शुल्कही 5 वरून 2.5 टक्क्यांवर आले. कारखान्यांना कच्चा माल हवा, हे आम्हांस मान्य आहे. आफ्रिकेतला गरीब शेतकरीही आमचा शेजारीच, वैरी नव्हे. मात्र आयातीने भाव पडला की भरपाईसाठी राज्याकडे बोट दाखवावे आणि करारापूर्वी त्याला विचारूही नये, हा न्याय नव्हे. ज्याच्या खांद्यावर ओझे, त्यास आधी बोलू द्या, एवढेच आमचे मागणे.