घर उचलले; पण गल्लीचे काय?

सांगलीला मामांच्या घराच्या भिंतीवर पुराच्या दोन रेघा आहेत. खालची २००५ ची, नडगीपर्यंत येणारी. वरची २०१९ ची. ती माझ्या खांद्याला लागते. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले होते. धोक्याची पातळी ४५ फुटांची! २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा घरात शिरले, तेव्हापासून मामांच्या डोक्यात एकच विषय आहे. घर जॅक लावून वर उचलायचे.

हे काम ऐकताना जादूसारखे वाटते, पण आहे ते निव्वळ कष्टाचे. जोत्याच्या कडेने खणायचे, भिंतीखालचा थोडा थोडा भाग मोकळा करून लोखंडी चॅनेल सरकवायचे, त्याखाली ओळीने जॅक बसवायचे. मग सगळे जॅक एका तालात फिरवायचे की घर तसूतसूने वर येते. खाली नवे बांधकाम चढते आणि जॅक एकेक करून निघतात. हरियाणातील मंडळी या धंद्यात मुरलेली आहेत. चेन्नईत आणि २०१८ च्या महापुरानंतर केरळात अशी घरे उचलली गेली. मात्र फरशी, नळ, ड्रेनेज सारे नव्याने करावे लागते. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींना हा ताण सोसत नाही आणि आपली काळी माती तर फुगणारी, आकसणारी.

पण खरा प्रश्न उंचीचा आहे. मामा तीन फूट म्हणतात. तेवढ्याने २०२१ चे पाणी बाहेर राहील. २०१९ चे गुडघ्याच्या आसपास आत येईलच. तीन फूट पुरतात ते रस्त्यावरून आत येणाऱ्या पावसाच्या पाण्याला. जुना थर न खरवडता दरवेळी वर नवे डांबर ओतायचे आणि घरे खड्ड्यात घालायची, ही आपल्या गावोगावची रीत. तिचा भुर्दंड घरमालकाने का भरावा?

शिवाय घर उंच झाले तरी भोवती पाणीच. वीज तुटलेली, दूध नाही, मामींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आलेल्या. शेवटी नाव बोलवावीच लागणार. भराव घालून जागा उंच केली तर ते पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाणार. आसामातील मिसिंग लोक बांबूच्या खांबांवर चांगघर बांधतात आणि पाण्याला खालून वाट ठेवतात. ते अधिक शहाणपणाचे.

अमेरिकेत गॅल्व्हेस्टनला १९०० च्या वादळात किमान सहा हजार माणसे गेली. त्यानंतर तिथे समुद्राला भिंत घातली आणि दोन हजारांहून अधिक इमारती उचलून सारे गावच भरावाने वर आणले. घर उचलण्याचा खर्च मालकाचा, भरावाचा सरकारचा. आपल्याकडे सरकार निळी आणि लाल पूररेषा आखते, आणि त्यांच्या आत आधीच राहणाऱ्याने काय करायचे ते त्याच्यावर सोडते. चिपळूणकरांची २०२१ नंतरची पूररेषेवरची नाराजी मला म्हणूनच समजते.

मामांनी अजून इसार दिलेला नाही. गेल्या रविवारी फोनवर म्हणाले, "अरे, गल्लीतली अकराही घरे मिळून उचलली तर स्वस्त नाही का पडणार?"

"पडेल मामा, पण तुम्ही बाकीच्यांना विचारलंत का?"

विचारले होते. चार घरांत भाडेकरू राहतात आणि त्यांचे मालक पुण्याला असतात.