संस्कारांची फुशारकी आणि बंद दार

ऑगस्ट २०१७. अमेरिकेहून आलेल्या मुलाने अंधेरीच्या ओशिवरा भागातील सदनिकेचे दार उघडवले, तेव्हा आत आईचा सांगाडा होता. मायलेकांचे अखेरचे संभाषण एप्रिल २०१६ मधले. एकटेपणाला कंटाळलेल्या आईने त्यात वृद्धाश्रमात जाण्याची इच्छा बोलून दाखवली होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले.

मग नेहमीचेच घडले. परदेशस्थ मुलांवर आसूड ओढले गेले, पाश्चात्त्य चंगळवादाला दूषणे दिली गेली आणि समाज निर्धास्त झाला. मुलगा सातासमुद्रापार होता हे खरे. परंतु सोसायटी, शेजारपाजार, ओळखीपाळखीचे तर याच शहरात होते ना? वाहनतळाच्या जागेवरून मध्यरात्रीपर्यंत भांडणाऱ्या आपल्या सोसायट्यांना कोणत्या मजल्यावर कोण वृद्ध एकटे राहते, हे तरी ठाऊक असते काय?

एकत्र कुटुंबाचा अभिमान बोरिवली-मुलुंडच्या दोन खोल्यांत पुरत नाही. चाळीतले सताड उघडे दार हीच एकेकाळी वृद्धांची खरी विमायोजना होती. ते दार मिटले; त्याची जागा घेणारी व्यवस्था मात्र आपण उभारली नाही. ‘सून आहे ना!’ ही काही व्यवस्था नव्हे. नोकरी, मुले आणि लोकलचा प्रवास सांभाळणाऱ्या एकाच स्त्रीच्या खांद्यावर संस्कृतीचे ओझे टाकून इतरांनी संस्कारांवर व्याख्याने द्यावीत, हा शुद्ध दांभिकपणा होय.

आईवडिलांच्या निर्वाहासाठी संसदेला २००७ मध्ये कायदा करावा लागला, ही आपल्या फुशारकीला बसलेली चपराकच. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, त्याच्या कलम २३ नुसार परत मिळवता येते. परंतु ती अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका मातेचे बक्षीसपत्र रद्द ठरवले. तेथे मुलाने लिहून दिलेले वचनपत्र उपयोगी पडले. ‘पोटच्या पोरावर अविश्वास कसा दाखवायचा?’ असे म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावे. लेखी अट हा अविश्वास नव्हे, ती जबाबदारीची नोंद आहे.

म्हणून हातपाय धड असतानाच कुटुंबाने एकत्र बसावे. राहायचे कोठे, औषधपाण्याचा खर्च कोणाचा, रुग्णालयात रात्री कोण थांबणार, हे भावाबहिणींनी उघडपणे ठरवावे. वृद्धाश्रम निवडावा लागला तर त्यास कलंक मानू नये; कलंक आहे तो विचारपूस न करण्याचा. प्रत्येक सोसायटीने एकट्या ज्येष्ठांची यादी करावी, रोज एकाने दार वाजवावे, १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक जिन्यात लावावा.

संस्कृती भाषणांतून टिकत नाही. ती शेजारच्या दारावरील थापेतून टिकते.