आधी ब्रेक, मग वेग

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. मोटारीच्या हौसेला मात्र मोल असते, आणि ते आधी कुठे मोजायचे हे ठाऊक नसले तर पुढे दुप्पट मोजावे लागते. राजधानी दिल्ली आणि भोवतालच्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या शहरांतल्या काही घरांत ही गोष्ट आता चांगलीच उमगली आहे. त्या घरांत एक जुनी, वेगवान गाडी असते, तिच्यावर जीव टाकणारा एखादा मुलगा किंवा त्याचे वडील असतात, आणि 'आता हिला ट्रॅकवर न्यायचेच' हा हट्ट असतो.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शुल्क भरायचे, स्वतःची गाडी घेऊन शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर जायचे आणि नेमून दिलेल्या वेळेत फेऱ्या मारायच्या, एवढाच हा प्रकार. पहिला क्रमांक नाही, चषक नाही. समोरून ट्रक येत नाही, मध्येच गाय बसलेली नसते. रस्त्यावर जे करणे गुन्हा आहे आणि दुसऱ्याच्या जिवावर बेतणारे आहे, ते इथे करता येते. दिल्लीकरांच्या जवळचा असा मार्ग म्हणजे ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. जर्मन रचनाकार हर्मान टिल्के यांनी तो आखला. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणे १६. ३० ऑक्टोबर २०११ रोजी इथे फॉर्म्युला वनची पहिली भारतीय शर्यत झाली. २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीनच वर्षी ती झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात मोटोजीपीच्या मोटारसायकलीही इथे धावून गेल्या. हौशी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, व्हेटेल ज्या वळणांवर गाडी टाकत होता त्याच वळणांवर त्यालाही आपली गाडी टाकता येते.

आता गाडी कोणती? परदेशात जुनी स्पोर्ट्स कार म्हटले की दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे तशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. मध्यमवर्गाची स्पोर्ट्स कार चार दारांची आणि पोराबाळांना शाळेत सोडणारी होती. २००० साली आलेली होंडा सिटी व्हीटेक हे तिचे सर्वांत लाडके नाव. दीड लिटरचे इंजिन आणि १०६ अश्वशक्ती. त्या काळी हा आकडा ऐकून माणसे भुवया उंचावत. या इंजिनात दोन स्वभाव एकत्र नांदतात. फेरे कमी असताना व्हॉल्व्ह बेताने उघडतात आणि गाडी पेट्रोल जपून, गृहस्थासारखी चालते. फेरे वाढले की दुसरी व्यवस्था कामाला लागते, व्हॉल्व्ह अधिक उघडतात आणि आवाजच बदलतो. ज्यांनी तो आवाज ऐकला आहे, ते ती गाडी विकत नाहीत.

गंमत म्हणजे ही गाडी जन्माने ग्रेटर नोएडाचीच. होंडाचा भारतातला पहिला कारखाना तिथे होता आणि २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबले. म्हणजे गाडीचे जन्मगाव आणि तिचा ट्रॅक एकाच शहरात आहेत. तरी ती आज स्वतःच्या चाकांवर ट्रॅकपर्यंत जाऊ शकत नाही!

कारण दिल्लीचा वयाचा नियम. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ च्या नोव्हेंबरात पंधरा वर्षांवरील वाहनांना आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना दिल्लीच्या रस्त्यांवर मज्जाव केला. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांची बंदी राजधानी परिसरासाठी कायम केली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना पेट्रोल पंपावर इंधनच नाकारण्याचा प्रयत्न झाला, तो काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने निव्वळ वयावरून मालकांवर कारवाई करू नका असे सांगितले, तेव्हा अनेकांनी पेढे वाटले असतील. पण १७ डिसेंबर २०२५ च्या आदेशाने ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतेच उरले. बीएस-४ हे प्रदूषणाचे मानक राजधानी परिसरात एप्रिल २०१० मध्ये लागू झाले. तेव्हा व्हीटेकसारख्या, त्याच्या कितीतरी आधीच्या गाडीला त्या दिलाशाचा उपयोग शून्य.

हौशी लोक यावर चिडतात. वर्षाला पाचशे किलोमीटर चालणारी गाडी दिल्लीची हवा बिघडवत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. नियम गाडीचे वय मोजतो, तिचा वापर मोजत नाही. पण नोव्हेंबरात ज्या आईने खोकणाऱ्या मुलाला घेऊन दवाखान्यात रांग लावली आहे, तिला हा युक्तिवाद ऐकवून पाहावा. शहराला साधा, सरसकट नियम लागतो, आणि सरसकट नियमात ओल्याबरोबर सुकेही जळते.

जुन्या मोटारींसाठी वेगळी सवलत नाही का? आहे. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळते, क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात, नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांत मात्र गाडी ना तरुण ना पूजनीय. ना हरकत प्रमाणपत्र घेऊन तिला दुसऱ्या राज्यात नेता येते, आणि दिल्लीच्या अनेक गाड्या तशा गेल्याही. ज्याला ती डोळ्यांसमोर हवी, त्याने ती खासगी जागेत ठेवावी आणि ट्रॅकवर न्यायची तर उचलून, ट्रकच्या सपाट फळ्यावर बांधून न्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. फेरफार केलेल्या गाडीला कलम ५२ ही आडवे येते. निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले आहे. आवाज करणारा सायलेन्सर बसवून वसंत कुंजात मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता मुख्य मुद्दा, पैसे कुठे घालायचे? हौशी माणसाचा हात पहिल्यांदा इंजिनाकडे जातो. मोठा एअर फिल्टर, रुंद सायलेन्सर, आणखी दहा अश्वशक्ती. दिल्लीच्या गॅरेजातला जाणता उस्ताद इथेच त्याला थांबवतो. पंचवीस वर्षांच्या इंजिनाचे आधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजायचे. ते सारखे भरले तर इंजिनाला नमस्कार करून पुढे जायचे.

पुढे म्हणजे ब्रेककडे. थोडा हिशेब करून पाहू. साधारण एक टनाची गाडी ताशी १६० किलोमीटर वेगात असताना तिच्यात जी ऊर्जा असते, ती ताशी ६० च्या वेगातल्या ऊर्जेच्या सातपट असते. वेग पावणेतीनपट, ऊर्जा सातपट! ब्रेक मारला की ती सारी उष्णता होते. थांबेपर्यंत ब्रेक मारला तर ही उष्णता तीन लिटर गार पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला पुरेल इतकी. बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला घट्ट वळण. गाडी तिथे पूर्ण थांबत नाही, पण त्या उष्णतेचा मोठा वाटा तिथेच पडतो, आणि दर फेरीला पुन्हा पडतो. इतरही वळणे असतातच.

घरच्या वापराचे ब्रेक पॅड हे तीन-चार फेऱ्याही धड सोसत नाहीत. ते तापून गुळगुळीत होतात, पाय रोवला तरी गाडी हवी तशी थांबत नाही. त्याहून भयंकर म्हणजे ब्रेक ऑइल उकळणे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. ताज्या डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, ओलावा शिरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. एकदोन पावसाळे पाहिलेले ऑइल ट्रॅकवर उकळते, नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून ट्रॅक डेच्या आधी ब्रेक ऑइल पूर्ण बदलणे, उष्णता सोसणारे पॅड घालून ते हळूहळू डिस्कवर बसवून घेणे आणि जुन्या रबरी ब्रेक नळ्या काढून टाकणे ही तीन कामे पहिली. त्यांचा खर्च चकचकीत अलॉय व्हीलपेक्षा कमी येतो आणि ती कोणाला दिसतही नाहीत. बहुधा म्हणूनच टाळली जातात.

ब्रेकनंतर टायर. नक्षी खोल दिसते म्हणून टायर चांगला असे नाही. त्याच्या कडेला चार आकडी खूण असते. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर बाहेरून नवा दिसला तरी त्याचे रबर कडक झालेले असते. ट्रॅकवर हवेचा दाब चार ते सहा पौंडांनी चढतो, म्हणून पाळी संपल्यावर टायर गरम असतानाच तो मोजतात.

रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतले असेल, तर पाणी तापवायच्या पातेल्यात साचतात तसे क्षार आत साचलेले असतात. तो साफ करून योग्य कूलंट घालायचा, झाकण आणि नळ्या नव्या घालायच्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कोणालाच आठवत नसेल, तर तो बदलायचाच. तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिन निकामी होऊ शकते. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत हवे, कारण लांब वळणात ते एका कुशीला सरकते आणि पंप हवा ओढू लागतो. मे-जूनच्या पंचेचाळीस अंशांत जुन्या गाडीला ट्रॅकवर घालू नये, थंडीतली दुपार बरी.

सुटे भाग काश्मिरी गेटच्या बाजारात मिळतात, न मिळणारे मायापुरीत, मोडीत निघालेल्या गाड्यांमधून. ज्या नियमाने गाड्या भंगारात गेल्या, त्याच भंगारावर उरलेल्या जगत आहेत. दाराची मूठ, दिव्याची काच, डॅशबोर्डची कळ तिथून खुशाल आणावी. ब्रेक, बेल्ट, टायर आणि रबराची कोणतीही वस्तू मात्र भंगारातून आणू नये. काश्मिरी गेटलाही पक्क्या पावतीचाच माल घ्यावा, हुबेहूब वेष्टनातला नकली माल कुठेही भेटतो.

घरातल्या मंडळींनी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो आधी विचारावा. विमा आहे का? खासगी मोटारीच्या विमापत्रात संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर गाडी भिंतीला घासली, तर तो खर्च स्वतःच्या खिशातला, असे धरूनच चालावे. आरोग्य विम्यातले धोकादायक खेळांबद्दलचे कलमही शांतपणे वाचावे. 'तू जा, पण आधी हा कागद वाचून दाखव,' असे म्हणणारी आई हौसेच्या आड येत नाही.

त्या दिवशी गाडीतून सगळे बाहेर काढायचे: जॅक, सुटे चाक, देवाची मूर्ती, पायाखालचे गालिचे. गडगडत आलेली पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकली, तर नवे पॅड काय कामाचे? पूर्ण तोंडाचे हेल्मेट, सुती कपडे, बंद बूट. चाकांचे नट अंदाजाने नव्हे, टॉर्क रेंचने आवळायचे आणि पहिल्या पाळीनंतर पुन्हा तपासायचे. शेवटची फेरी ब्रेक न मारता, सावकाश, वारा लागू देत घ्यायची. थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेली डिस्क किंवा ड्रम वाकडा होऊ शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे वीट लावायची.

मूळ गाडीतून काढलेला प्रत्येक भाग, सायलेन्सर, स्प्रिंगा, स्टिअरिंग, जुन्या साडीत गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवावा. २००० साली नोंदलेली गाडी २०५० मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हाही व्हिंटेजचा आजचाच नियम असला, तर गाडी मूळ स्वरूपात आहे का, असेच विचारले जाईल.