मांडणीचा प्रश्न

'भांडी घासण्याचे यंत्र' हा डिशवॉशरसाठी सर्रास वापरला जाणारा शब्दप्रयोग मुळातच फसवा आहे, असे आमचे मत आहे. हे यंत्र काहीही घासत नाही. त्याच्या पोटात घासणी नसते, ब्रश नसतो आणि मनगटाचा जोर तर नसतोच. तिथे असते तापलेले पाणी, तीव्र पावडर आणि पाण्याच्या झोताच्याच रेट्याने गरगर फिरणारे, भोके पाडलेले दोन-तीन हात. पाणी जिथे आपटते तिथले खरकटे निघते. जिथे ते पोचत नाही तिथले वाळून अधिकच घट्ट बसते. पाण्याला वाट मोकळी ठेवणे हे काम यंत्राने कधीच अंगावर घेतलेले नाही. ते भांडी लावणाऱ्याकडेच राहिले आहे.

या यंत्राच्या इतिहासातही हीच गोष्ट दिसते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल येथील जोसेफीन कॉक्रेन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी आपल्या यंत्राचे एकस्व मिळाले. त्यांनी बश्या, कप, ताटल्या यांची मापे घेऊन त्यांच्यासाठी तारांचे कप्पे तयार केले आणि त्यांवर साबणाच्या गरम पाण्याचा मारा होईल अशी योजना केली. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात हे यंत्र गाजले. थोडक्यात, प्रत्येक भांड्याला नेमकी जागा देणे हा या शोधाचा गाभाच होता.

आपल्याकडे मात्र एक तक्रार नेहमी ऐकू येते : 'हे यंत्र साहेबाच्या सपाट बश्यांसाठी आहे, आपल्या भांड्यांसाठी नाही.' या तक्रारीत तथ्य आहे. वाट्या, कढया, अरुंद तोंडाचे तांबे यांचा विचार मूळ जाळीने केलेला नव्हता. पण तक्रार करणाऱ्या घरांत यंत्र कसे भरले जाते हे पाहिले, तर ते मोरी भरावी तसेच भरलेले आढळते : वाटीत वाटी, तीवर पातेले, त्यात चमचे आणि वर आडवे झाकण. असल्या ढिगाऱ्यापुढे कोणत्याही देशाचे यंत्र हतबलच ठरणार.

नीट लावण्याचे नियम तसे थोडे आहेत. ताटे उभी, किंचित कललेली, तोंडे मध्याकडे करून लावावीत आणि दोन ताटांत फट राखावी. वाट्या पालथ्या व तिरक्या ठेवाव्यात. एकीचा आडोसा दुसरीस होऊ नये. पातेली, कुकरची भांडी व कढया खालच्या जाळीत कडेला, तोंडे खाली करून याव्यात. मोठे झाकण किंवा परात पावडरच्या कप्प्यासमोर उभी करू नये, अन्यथा कप्पा नीट उघडत नाही. चमचे काही डोके वर, काही डोके खाली असे मिसळून ठेवावेत, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत. सुरीचे पाते मात्र नेहमी खाली असावे. डाव आणि झारे वरच्या जाळीत आडवे निजवावेत. हलके प्लॅस्टिकही वरच ठेवावे. लोखंडी तवा, कल्हईची पितळी भांडी, ॲल्युमिनियम आणि लाकडी पोळपाट-लाटणे यांना या यंत्रापासून दूरच ठेवावे.

उष्टे-खरकटे काढून टाकावे, पण ताट नळाखाली विसळून लखलखीत करू नये. पावडरीतील विकरे पिष्टमय व प्रथिनयुक्त डागांवरच काम करतात. शिवाय काही यंत्रे पाण्याचा गढूळपणा मोजून धुण्याचा वेळ ठरवतात आणि विसळलेली ताटे पाहून काम लवकर आटोपते घेतात. बोअरच्या कठीण पाण्यावर यंत्र चालत असेल, तर त्यातील मिठाचा कप्पा रिकामा राहू देऊ नये. तळाची गाळणी वेळोवेळी धुवावी.

यावर कोणी म्हणेल, 'सोयीसाठी आणलेल्या यंत्रापायी इतका विचार करायचा, तर सोय ती कसली?' हा प्रश्नच आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कारण हा विचार पूर्वीही होतच होता. तो दुसरे कोणीतरी करत होते. वाटीत अडकलेली वाटी सोडवणे, करपलेले दुधाचे पातेले वेगळे काढून भिजत घालणे, तेलकट कढई शेवटी घेणे, हे सारे निर्णय मोरीपाशी बसलेली बाई रोज घेत असे, आणि बहुतेक घरांत आजही घेते. आपण कसाही ढीग रचावा आणि तिने निमूटपणे तो उलगडावा, अशी ही व्यवस्था आहे. तिच्या या कौशल्यास कौशल्य म्हणण्याची आपल्याला कधी गरज वाटली नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरकामाच्या बायकांचे येणे थांबले आणि शहरांतून या यंत्रांची मागणी वाढली, तेव्हा श्रमांची जागा यंत्राने भरून काढता येते असे अनेकांना वाटले. पण यंत्र आपला निष्काळजीपणा पोटात घालत नाही. वाळलेली डाळ चिकटलेली वाटी ते जशीच्या तशी परत करते.

म्हणूनच यंत्र घरात आल्यावर ते भरण्याचे काम पुन्हा त्याच बाईवर किंवा घरातील गृहिणीवर सोपवून, कळ दाबण्याचे श्रेय तेवढे स्वतःकडे घेणे आम्हांस अप्रशस्त वाटते. जेवणाऱ्याने आपले ताट आपल्या हाताने, योग्य जागी लावून उठावे. स्वयंपाकघरातील भांड्यांच्या फळ्यांना मराठीत 'मांडणी' म्हणतात आणि लेखातील विचारांच्या रचनेलाही 'मांडणी'च म्हणतात. दोन्हीकडे डोके चालवावे लागते, हे आपल्या भाषेला केव्हाच ठाऊक होते.

तेव्हा पुढच्या वेळी यंत्रास नावे ठेवण्यापूर्वी एवढेच करावे : दार लावण्याआधी आतला फिरता हात बोटाने एकदा फिरवून पाहावा. तो एखाद्या उभ्या झाऱ्यावर किंवा पातेल्याच्या कडेवर अडला, तर दोष कोठे आहे ते लगेच कळते.